घरात विंडोज, लिनक्स आणि मॅक : एका फोल्डरपर्यंत सगळ्यांना कसं पोचवायचं?

अजिंक्यतारा

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातल्या आमच्या घरात तीन घराण्यांची यंत्रं नांदतात. माळ्यावरच्या खोलीत जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट. सगळ्या घराचा साठा त्याच्याकडे : फोटो, स्कॅन केलेली पत्रं आणि आजेसासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. सासऱ्यांनी २००९ साली छोट्या रेकॉर्डरवर एकेक करून घेतल्या होत्या, एकूण ६१ फायली. आजी आता नाहीत. सासूबाईंना त्या ओव्या खाली स्वयंपाकघरात काम करता करता फोनवर ऐकायच्या आहेत. माझी खरी निकड ही.

अडलंय ते असं :

मिंटवर सांबा (लिनक्सवरचा फोल्डर विंडोज, मॅकला उघडून देणारा प्रोग्राम) घालून फोल्डर शेअर केलाय, पासवर्डशिवाय. जुन्या विंडोज १० लॅपटॉपवरून तो दोन वर्षं बिनतक्रार उघडत होता. आता विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप घेतला. त्यात 'नेटवर्क'मध्ये मिंट दिसतच नाही. पत्त्याच्या पट्टीत मिंटचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकून गेलं, तर तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही, अशा अर्थाचा निरोप येतो. घरात कुठली संस्था आली?

सासूबाईंचा फोन खालच्या मजल्यावर असतो, त्याला मिंटचा पत्ताच लागत नाही. दिरांच्या मॅकबुकवर मात्र मिंट लगेच दिसतो.

आणि एक कोडं. मिंटवर 'साताऱ्याचं घर' नावाचे दोन फोल्डर झालेत. 'वऱ्हाड' नावाचेही दोन. नाव अक्षर न् अक्षर तेच, जागा तीच. एका ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर राहूच कसे शकतात?

चाफेकळी

पेन ड्राइव्ह. पाच मिनिटांचं काम.

अजिंक्यतारा

चाफेकळी, आम्ही तेच करत होतो. त्यातून ओव्यांच्या तीन प्रती झाल्या : एक सासूबाईंच्या फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक मिंटवर. सासऱ्यांनी नावं सुधारली ती एकाच प्रतीत. कुठली खरी हे ठरवायला दिवाळीची अख्खी सुट्टी गेली. म्हणून साठा एकच हवाय.

खटपट्या

पेन ड्राइव्हचं दुखणं अगदी ओळखीचं आहे. मूळ प्रश्नाकडे येतो. सवडीने वाचा.

पहिल्यांदा 'दिसत नाही' आणि 'उघडत नाही' या दोन तक्रारी वेगळ्या करा. दिसणं म्हणजे एका यंत्राने गल्लीत उभं राहून 'मी इथे आहे' अशी हाक मारणं. उघडणं म्हणजे दुसऱ्याने जाऊन दार वाजवणं. हाक ऐकू आली नाही तरी पत्ता माहीत असला की दार वाजवता येतं. तुमच्या लॅपटॉपने तेच केलं. निरोप आला, म्हणजे तो दारापर्यंत पोचला. केबल, वायफाय, ४४५ नंबरचं पोर्ट, फायरवॉल सगळं ठीक आहे. तिकडे हात लावू नका.

हाकेचं : एसएमबी म्हणजे विंडोजची फोल्डर वाटण्याची भाषा, सांबाही तीच बोलतो. तिच्या पहिल्या आवृत्तीबरोबर नेटबायॉसची जुनी हाक असायची, आणि ती आवृत्ती आता विंडोजमध्ये आपोआप बसत नाही. आजचं विंडोज डब्ल्यूएस डिस्कव्हरी या पद्धतीची हाक ऐकतं, यूडीपी ३७०२ वर. मिंटवरचा सांबा अवाही या सोबतच्या सेवेमार्फत हाक मारतो ती दुसरी, यूडीपी ५३५३ वर, आणि ती मॅकला कळते. म्हणून दिरांना मिंट दिसतो आणि तुम्हाला नाही. मिंटवर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज घाला. ते विंडोजला समजेल अशी हाक मारतं. लॅपटॉपवर त्या वायफायची जात 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा.

दाराचं : तुमचा फोल्डर पाहुण्यांसाठी उघडा आहे. विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्तीपासून, अशा बिनपासवर्डाच्या दारातून आत जायला स्वतःच नकार देतं. मिंट तुम्हाला अडवत नाहीये, लॅपटॉपच पाय मागे घेतोय. 'संस्था' हा शब्द कचेऱ्यांसाठी लिहिलेल्या निरोपातला आहे, घरी तो उगाच घाबरवतो.

आता यातली खरी मेख. तुम्ही म्हणाल, नाव आणि पासवर्ड देऊन पाहिलं तरी तोच निरोप. कारण सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅप टू गेस्ट = बॅड यूजर' ही ओळ मुळातच असते. तिचा अर्थ, अनोळखी नाव आलं की त्याला पाहुणा समज. विंडोज आपल्या खात्याचं नाव पाठवतं, सांबाला ते माहीत नसतं, तो त्याला पाहुणा ठरवतो, आणि पाहुणा म्हटल्यावर विंडोज मागे फिरतं. सांबाची पासवर्डांची वही वेगळी असते. मिंटमध्ये खातं आहे म्हणून सांबामध्ये आहे असं होत नाही. टर्मिनलमध्ये 'सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी', पुढे 'उणे ए', पुढे मिंटवरच्या खात्याचं नाव, आणि मागेल तिथे पासवर्ड. मग विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत) जाऊन मिंटच्या पत्त्याची जुनी नोंद असली तर ती काढा आणि लॉग आउट होऊन परत या. आता मिंटवरचं नाव द्या.

फोल्डरच्या दुहेरी नावाचं मला उमगलं नाही. फोनचंही नाही, त्यासाठी थोडी माहिती लागेल : घरात राउटर किती?

वेताळटेकडी

एवढा खटाटोप कशाला? विंडोजच्या फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ वर टिकमार्क करा. माझ्याकडे लगेच चालू झालं होतं.

ओसरी

वेताळटेकडी, कृपया असं सुचवू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली ओलीस धरणारा व्हायरस पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती घातली नव्हती त्यांची यंत्रं गेली. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. सांबानेही २०१९ सालच्या ४.११ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. ज्यांच्या घरात आजीचा आवाज एकाच डिस्कवर आहे, त्यांना हा सल्ला देववत नाही.

वेताळटेकडी

माझ्याकडे जुना स्कॅनर आहे, त्याला दुसरं काही कळत नाही म्हणून चालू ठेवलंय. पण मान्य, इथे त्याची गरज नाही. खटपट्यांचा उपाय बरोबर आहे.

ओसरी

स्कॅनरसाठीच असेल तर लॅपटॉपवरचं एसएमबी १ बंदच करून टाका. बरेच स्कॅनर मेलने किंवा एफटीपीनेही फाइल पाठवतात, त्याच्या सेटिंगमध्ये बघा.

तांबडीमाती

सांबा म्हटलं की मला सांबारच आठवतं. हे नाव ठेवलं कुणी?

खटपट्या

अवांतर आहे, पण गोष्ट छान आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला अँड्र्यू ट्रिजेल शिकत होते. त्यांनी १९९१-९२ च्या सुमारास हे काम सुरू केलं. आधी नाव होतं एसएमबीसर्व्हर, पण त्या नावावर दुसऱ्यांचा हक्क निघाला. मग त्यांनी संगणकातल्याच शब्दयादीत शोध घेतला : एसने सुरू होणारा, पुढे एम आणि त्यापुढे बी क्रमाने येणारा शब्द. जे थोडे शब्द निघाले त्यात सांबा होता.

तांबडीमाती

वा! वाचनखूण साठवली.

हिमरू

फोनसाठी माझा अनुभव. एखाददुसरी फाइल इकडून तिकडे करायची असेल तर लोकलसेंड वापरा. मोफत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं, खातं काढावं लागत नाही. आम्ही बहिणी एकत्र जमलो की लग्नाचे फोटो असेच वाटतो.

पण अजिंक्यतारा यांना एकच साठा हवाय, त्याला हे पुरणार नाही. लोकलसेंड प्रत पाठवतं, म्हणजे पेन ड्राइव्हचंच दुखणं परत. सासूबाईंच्या फोनवर व्हीएलसी हे गाणी-व्हिडिओ वाजवणारं ॲप घाला. त्यात स्थानिक नेटवर्कमधला एसएमबी फोल्डर थेट उघडतो आणि फाइल तिथूनच वाजते, फोनमध्ये काही उतरवावं लागत नाही.

अजिंक्यतारा

सगळ्यांचे आभार. खटपट्या, लॅपटॉपचं काम झालं! अगदी तुम्ही सांगितलं तसंच होतं. लॅपटॉप माझं मेलवालं नाव पाठवत होता. सांबाच्या वहीत नाव घातलं, जुनी नोंद काढली, आणि तीन आठवड्यांनी फोल्डर उघडला. डब्ल्यूएसडीडी घातल्यावर मिनिटभरात 'नेटवर्क'मध्ये मिंटही दिसायला लागला.

राउटर दोन आहेत. खाली इंटरनेटवाल्यांनी बसवलेला. वर सिग्नल येत नव्हता म्हणून आम्ही दुसरा आणला, खालच्याची केबल वरच्याच्या निळ्या खाचेत. मिंट आणि लॅपटॉप वरच्या राउटरवर, सासूबाईंचा फोन खालच्यावर.

हिमरू, व्हीएलसी घातलं. पण त्याला काही सापडत नाही, पत्ता हाताने घातला तरी नाही.

खटपट्या

ती निळी खाच हेच कारण. ती इंटरनेट आत घेण्याची खाच. तिच्यामुळे वरचा राउटर स्वतःचं वेगळं घर मांडून बसलाय आणि खालच्या घरातल्यांना आत येऊ देत नाहीये. दोन्हीकडचे आयपी पाहा. खाली १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि वर १९२.१६८.० ने, म्हणजे एका छपराखाली दोन नेटवर्कं आहेत. वरून खाली जाता येईल, खालून वर येता येणार नाही. मिंट वर असल्यामुळे फोनची बाजू नेमकी अडली.

वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. मग तो नुसता वायफाय वाटतो, पत्ते खालचाच देतो. तो पर्याय नसेल तर वरच्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी खालच्या मालिकेतला पण कुणी न वापरलेला असा द्या, आणि केबल निळ्या खाचेतून काढून बाजूच्या चारांपैकी एकीत घाला. क्रम हाच ठेवा. आधी केबल हलवलीत तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील आणि सगळंच लंगडेल.

झाल्यावर मिंटचा आयपी बदलेल. तो खालच्या राउटरमध्ये मिंटच्या नावावर राखून ठेवा, म्हणजे फोनमध्ये पत्ता परत परत घालावा लागणार नाही. आणि सासूबाईंचा फोन 'गेस्ट' वायफायवर नाही ना, तेही बघा. गेस्टवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

पाणपोई

माझं उलटं आहे. विंडोजवरचा फोल्डर मॅकवरून उघडायचाय. नाव बरोबर आहे, पिन बरोबर आहे, तरी मॅक मान हलवतो.

ओसरी

पाणपोई, पिन त्या एका लॅपटॉपपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड लागतो. त्यापेक्षा विंडोजवर शेअरिंगपुरतं वेगळं स्थानिक खातं काढा, त्याला पासवर्ड द्या, आणि फोल्डरची परवानगी फक्त त्यालाच. मुख्य खात्याचा पासवर्ड घरभर फिरत नाही.

पाणपोई

झालं! दोन वर्षं पिनच टाकत होते. मनापासून आभार.

इझारकाठ

म्युनिकहून उशिरा आलो, पण ते दुहेरी फोल्डरचं कोडं बघून राहवलं नाही. अजिंक्यतारा, तीन गोष्टी सांगा. दिरांचा मॅक किती जुना आहे? त्यांनी कधी हा साठा स्वतःच्या मॅकवर नेऊन परत आणला का? आणि दुहेरी झालेल्या सगळ्या नावांत ऱ आहे का?

अजिंक्यतारा

मॅक २०१२ चा. हो, मागच्या वर्षी साठा पुण्याला नेला होता, फोटो लावून दिले आणि टर्मिनलमधून आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने परत मिंटवर टाकले.

तुमचा तिसरा प्रश्न वाचून यादी काढली. दुहेरी फोल्डर पाच निघाले : साताऱ्याचं घर, वऱ्हाड, नवऱ्यामुलीकडचे, किनाऱ्यावर, आणि 'दुसऱ्यांदा स्कॅन'. पाचही नावांत ऱ! तुम्हाला कसं कळलं?

इझारकाठ

कारण यात मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत. सविस्तर लिहितो, मराठी फाइलनावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणार आहे.

आपला ऱ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, अखंड ऱ, क्रमांक ०९३१. दुसरा, साधा र, क्रमांक ०९३०, आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, क्रमांक ०९३सी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडच्या नियमाने ते समानच आहेत. पण ज्या यंत्राला तो नियम पाळायचा नसतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नाव साठवताना अक्षरं फोडून ठेवते. तुमचा अखंड 'ऱ' तिथे गेला की 'र' अधिक 'नुक्ता' होतो. फ्रेंच, जर्मन नावांतल्या टिंबांच्या अक्षरांचंही हेच होतं. मराठीत रोजच्या अक्षरांपैकी हे फक्त ऱ च्या वाट्याला येतं, म्हणून वऱ्हाड दुहेरी आणि बारसं एकेरी. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवते आणि दोन्ही रूपांना एकच मानते.

आता लिनक्सची ईएक्सटी ४ किंवा विंडोजची एनटीएफएस अशी तुलना करत नाहीत. दिरांच्या आरसिंकने फोडलेलं 'साताऱ्याचं घर' मिंटवर आणलं. मिंटने बघितलं, माझ्याकडे या नावाचा फोल्डर नाही, आणि नवा केला.

उपाय : आधी पाचही जोड्यांतल्या फायली एकेका फोल्डरमध्ये एकत्र करा. एकाच नावाचे फोटो दोन्हीकडे असतील तर आकार आणि तारीख बघून. रिकामा झालेला फोल्डर काढून टाका. मग मिंटवर कॉन्व्हएमव्ही नावाचं नावं बदलणारं साधन घाला आणि 'एनएफसी' (फोडलेली अक्षरं जोडणारा) पर्याय देऊन सगळ्या साठ्यावर फिरवा. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं, 'नोटेस्ट' म्हटल्याशिवाय हात लावत नाही. यादी नीट वाचा, मगच पुढे जा. इथून पुढे दिरांना आरसिंकमध्ये 'आयकॉन्व्ह' पर्यायाला 'यूटीएफ-८-मॅक, यूटीएफ-८' अशी जोडी द्यायला सांगा.

एक सावधगिरी. वऱ्हाडमधला आडवा रफार काही कळपाटांवर तिसऱ्याच तऱ्हेने उमटतो : र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. युनिकोड त्याला ऱ च्या बरोबरीचं मानत नाही, म्हणून कॉन्व्हएमव्हीही तो बदलणार नाही. तसं नाव निघालं तर हाताने परत टंकावं लागेल.

खटपट्या

इझारकाठ, हे नव्याने कळलं. इतकी वर्षं मराठी नावं ठेवतोय आणि ही खाच माहीत नव्हती.

यावरून आणखी एक. ईएक्सटी ४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार सगळे स्वतंत्र मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. विंडोज मात्र अशी २५५ चिन्हं घेतं. लग्नपत्रिकेसारखी लांब नावं विंडोजवर ठेवली की मिंटवर नक्कल करताना 'नाव फार लांब' म्हणून अडतात, आणि माणूस परवानग्या तपासत बसतो.

घाटमाथा

नक्कल फार सावकाश होते यावर कुणी बोलेल का? आमच्याकडे दोन्ही यंत्रं केबलवर आहेत, राउटर गिगाबिटचा, तरी सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही.

ओसरी

११ म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसची झाली आहे. गिगाबिटवर साधारण ११० च्या आसपास मिळायला हवेत. केबलचं टोक उजेडात धरून बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात. पुष्कळदा केबल ओढणारा चारच तारा बसवतो, कारण इंटरनेट तेवढ्यावरही चालतं.

घाटमाथा

एका टोकाला चारच आहेत : नारिंगी, हिरवी आणि त्यांच्या पांढऱ्या जोडीदार. निळ्या आणि तपकिरी कापून टाकल्यात. उद्या नवीन टोक बसवून घेतो.

अजिंक्यतारा

मंडळी, चार दिवसांनी लिहितेय.

वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर गेला. मिंटचा पत्ता राखून ठेवला. पाच जोड्यांतल्या फायली एकत्र केल्या. 'वऱ्हाड'च्या दुसऱ्या फोल्डरमध्ये सासूबाईंच्या लग्नाचे असे ११ फोटो निघाले जे पहिल्यात नव्हतेच. ते हरवले असं आम्ही धरून चाललो होतो. कॉन्व्हएमव्ही फिरवलं, आता पाचही फोल्डर एकेकच आहेत.

ओव्यांमध्ये एक अडचण आली. लॅपटॉपवर ६१ पैकी चार फायलींची नावं इंग्रजी अक्षरं आणि लाटेची खूण अशी काहीतरी दिसत होती, मिंटवर मात्र नीट. बघितलं तर त्या चारांच्या नावांत सासऱ्यांनी प्रश्नचिन्ह घातलं होतं. 'माहेर किती दूर?' असं. मिंटला ते चालतं, विंडोजला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून सांबा त्याला पर्यायी नाव दाखवत होता. प्रश्नचिन्हं काढली.

काल संध्याकाळी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता व्हीएलसीवर ओव्या लावल्या. आधी जात्याची घरघर, मधेच बांगड्यांचा आवाज, मग आजींचा. तेविसाव्या फाइलला त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ही आई नाही. ही माझी आत्या म्हणतेय. आई मागून सूर देतेय." इतकी वर्षं त्या फाइलवर आजींचंच नाव होतं.

त्या आता एकेक ऐकून कोण म्हणतंय ते सांगणार आहेत आणि मी लॅपटॉपवरून नावं दुरुस्त करणार आहे. म्हणून शेवटचा प्रश्न : फोल्डरमध्ये बदल करायचा हक्क फक्त मला आणि बाकी सगळ्यांना नुसतं ऐकता-बघता येईल, असं होतं का? फोनवरून चुकून एखादी पुसली गेली तर परत कुठून आणू?

खटपट्या

होतं. सासूबाईंच्या फोनसाठी मिंटवर दुसरं खातं काढा आणि ते सांबाच्या वहीतही घाला. मग सेटिंगच्या फाइलमध्ये त्या फोल्डरखाली 'रीड ओन्ली = येस', 'गेस्ट ओके = नो', आणि 'राइट लिस्ट =' पुढे फक्त तुमचं नाव. फाइल जपून ठेवल्यावर 'टेस्टपार्म' ही तपासणीची आज्ञा चालवून चूक नाही ना ते बघा आणि सांबा परत सुरू करा.

आणि नावं बदलायला घेण्याआधी ६१ च्या ६१ फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क दिरांकडे पुण्याला पाठवा.

अजिंक्यतारा

ते रविवारी येताहेत. डिस्क आजच आणते.